पुरातून वाचलेल्या पीएस टू डिस्क, आता हार्ड डिस्कवरून (अपडेट ३)

मागच्या अपडेटला दीड महिना झाला, मधे गणपती आले, घर पाहुण्यांनी भरलेलं त्यामुळे टीव्ही काही हाताला लागला नाही. पण काम बरंच पुढं सरकलंय, म्हणून आज सगळं एकदमच लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. माझ्याकडं पीएस टू (प्लेस्टेशन २) स्लिम आहे, ७७००० सिरीजचा, आणि २३ ओरिजिनल डिस्क. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कन्सोल माळ्यावर होता म्हणून वाचला, डिस्क मात्र खालच्या कपाटात होत्या. कव्हरं आणि मॅन्युअल यांचा पार लगदा झाला. डिस्क मी आणि ताईनं चिखलातून एकेक काढून साध्या पाण्यात धुतल्या, मग थोडं साबणाचं पाणी, आणि मऊ कपड्यानं मधून कडेकडं सरळ पुसल्या (गोल फिरवून पुसू नका, गोल ओरखडा ड्राइव्हला जास्त नडतो). त्यात कन्सोलची लेन्स थकलेली, एका दुकानात बदलून घेतली तर तीन महिन्यांत पुन्हा तेच. तेव्हाच ठरवलं की या डिस्क आता रोज फिरवायच्या नाहीत, प्रत्येकीची इमेज (म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब फाइल) काढायची आणि गेम हार्ड डिस्कवरून चालवायचे.

इमेज काढणं हे सगळ्यात वेळखाऊ काम निघालं. पीएस टूची डीव्हीडी पीसीच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, इमगबर्न या प्रोग्रॅमनं सरळ आयएसओ, म्हणजे इमेजची फाइल, मिळते. निळ्या पाठीच्या सीडी असतात त्यांची बिन आणि क्यू फाइल निघते, ती नंतर आयएसओ करून घ्यावी लागते. मी प्रत्येक डिस्क दोनदा वाचली आणि दोन्ही वेळचा एमडी५ (फाइलचा जणू ठसा, एक अक्षर बदललं तरी बदलतो) जुळवला, जुळला तरच पास, आणि जिथं शक्य होतं तिथं रीडम्प या वेबसाइटवरच्या ओरिजिनल डिस्कच्या यादीशीही ताडून बघितला. २३ पैकी १९ पहिल्याच फटक्यात आल्या, तीन दुसऱ्या ड्राइव्हवर आल्या (माझा नवा ड्राइव्ह जिथं अडकत होता तिथं जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह हळूहळू का होईना वाचून मोकळा झाला, त्यामुळे जुना ड्राइव्ह असेल तर भंगारात देऊ नका), आणि एक राहिली, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

मेमरी कार्डचं: पहिल्यांदा मी ६४ एमबीचं स्वस्त कार्ड घेतलं, त्यात मॅजिकगेट (सोनीची कार्डमधली सुरक्षा) नीट नव्हतं त्यामुळे फ्री एमसी बूट, म्हणजे कार्डवरून बाहेरचे प्रोग्रॅम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर, बसलंच नाही. दुसरं ८ एमबीचं घेतलं, त्यावर झालं. तुमचा कन्सोल ९०००० सिरीजचा असेल तर आधी मागच्या स्टिकरवर डेट कोड बघा, ८सी किंवा त्यापुढचा असेल तर फ्री एमसी बूट चालणार नाही, तसंच काम करणाऱ्या ओपनट्यूनाकडं जावं लागेल. आणि काहीही करायच्या आधी जुन्या कार्डवरचे सेव्ह यूलाँचएल्फनं (कन्सोलवरच फाइल कॉपी करायचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर काढून ठेवा. माझ्या आतेभावाचा क्रिकेट ०७ चा वर्ल्ड कपचा सेव्ह त्यात होता, दहावीच्या सुट्टीतला, तो आधी काढला आणि मगच पुढचं काम सुरू केलं.

आता ड्राइव्ह. जुन्या लॅपटॉपमधली ३२० जीबीची अडीच इंची डिस्क केसमध्ये घालून लावली तर नुसतं टिक टिक टिक, फिरायला सुरुवात करायची आणि परत बंद पडायची. यूएसबी पोर्टमधून तिला पुरेसा करंट मिळत नव्हता. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मधे टाकला आणि आवाज गेला. फॉरमॅट एमबीआर आणि फॅट३२ केला. नव्या ओपीएलला (ओपन पीएस टू लोडर, ड्राइव्हवरचे गेम कन्सोलवर चालवणारा प्रोग्रॅम) एक्सफॅट चालतं पण मला आधी जुन्या पक्क्या पद्धतीनं बघायचं होतं. फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, म्हणून मोठ्या गेमचे यूएसबीयूटिल या पीसीवरच्या प्रोग्रॅमनं तुकडे केले. गॉड ऑफ वॉर २ दोन लेयरच्या डिस्कवर येतो, त्याचे तर बरेच तुकडे झाले.

इथं माझा एक अख्खा रविवार गेला. तीन गेम चालले, चौथा उघडेचना, काळी स्क्रीन. मी इमेज परत काढली, एमडी५ बरोबर, तरी तेच. शेवटी कळलं की मी मधे दोन गेम उडवून त्या जागी दुसरे टाकले होते, आणि फाइल ड्राइव्हवर तुकड्यातुकड्यानं विखुरली गेली होती. ओपीएलला फाइल सलग पडलेली लागते, कारण ते कन्सोलच्या डिस्क वाचायच्या मागणीला थेट ड्राइव्हवरच्या जागेशी जोडतं, मधे पीसीसारखी फाइल शोधत बसत नाही. ड्राइव्ह कोरा फॉरमॅट केला, गेम एका वेळी एकच असे ओळीनं कॉपी केले, आणि सगळे उघडले. दोन गेम एकत्र कॉपीला लावू नका, एवढंच पाळलं तरी अर्धा त्रास कमी.

पण मग मुख्य अडचण. पीएस टूचे यूएसबी पोर्ट १.१ चे आहेत, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट, कागदावर दीड एमबी आणि प्रत्यक्षात एक एमबीच्याही खाली. कन्सोलचा स्वतःचा ड्राइव्ह डीव्हीडी ४एक्सनं वाचतो, ते पाच एमबीच्या वर जातं. थोडक्यात, एसएसडी लावा नाहीतर महागडा पेनड्राइव्ह लावा, रस्ताच अरुंद आहे. क्रिकेट ०७ ला लोडिंग लांबलं पण खेळताना त्रास नाही. गॉड ऑफ वॉर २ मध्ये खेळणं ठीक, व्हिडिओ सुरू झाला की आवाज तुटतो आणि चित्र अडखळतं. ओपीएलमध्ये मोड ४ लावून व्हिडिओ वगळता येतात पण मला ते नको होतं, मला गेम जसा होता तसाच हवा होता.

म्हणून लॅन, म्हणजे यूएसबी सोडून नेटवर्क केबल. स्लिमला मागं नेटवर्क पोर्ट मुळातच असतो. घरात पडून असलेला रास्पबेरी पाय (हातात मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर) घेतला, त्यावर नेटवर्कवरून फाइल देणारं सांबा टाकलं आणि ड्राइव्ह पायला जोडला. ओपीएलला एसएमबीचं, म्हणजे सांबा ज्या पद्धतीनं फाइल देतं तिचं, पहिलं व्हर्जनच कळतं आणि आजकालच्या सिस्टिममध्ये ते बंद असतं, सांबाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एनटी१ (तेच पहिलं व्हर्जन) करावा लागतो. ते जुनं आणि असुरक्षित आहे, त्यामुळे मी पाय घरच्या राउटरला जोडलाच नाही, कन्सोल ते पाय सरळ एक केबल आणि दोन्हीकडं आयपी हातानं दिला. पहिल्यांदा स्क्रीनवर गेमची यादी आली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. गॉड ऑफ वॉर २ चा सुरुवातीचा व्हिडिओ अख्खा, एकदाही न अडकता चालला, ताईला उठवून दाखवला आणि तीही बघत बसली. या पुराच्या डिस्क धुवायला तीच तर होती माझ्याबरोबर.

हनुमान: बॉय वॉरियर पण चालला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं २००९ मध्ये केलेला गेम आहे. लोक म्हणतात की गेम म्हणून साधारण आहे, असेल, पण आपल्याकडं बनलेला पीएस टूचा गेम हातात घेऊन आम्ही घरी किती खूश झालो होतो ते मला आठवतंय, आणि असे गेम परत कुणी छापणार नाहीये. गाजलेल्या गेमच्या लाखो डिस्क जगभर आहेत. यांच्या किती उरल्यात?

आता ती राहिलेली डिस्क. देसी अड्डा, तीही २००९ ची, हैदराबादच्याच गेमशास्त्रची, विटीदांडू आणि कबड्डी असलेली. लेबलच्या बाजूनं पाणी आत गेलंय, कडेला नखाएवढा भाग उजेडात धरला की आरपार दिसतो. तेवढ्या जागेवरचे सेक्टर कुठलाच ड्राइव्ह वाचत नाही, दोन ड्राइव्हचे एमडी५ वेगवेगळे येतात. गेम सुरू होतो, मेनू येतो, पुढं एका ठिकाणी थांबतो. डिस्क मी कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवलीय, आता तिला हात लावणार नाही.

तुमच्यापैकी कुणाकडं देसी अड्डाची ओरिजिनल डिस्क असेल तर तिचा एमडी५ आणि आतल्या कड्यावर छापलेला नंबर कळवा. माझ्या दोन इमेजपैकी कुठली किती जवळ आहे ते निदान कळेल. चिपळूण, खेड, रत्नागिरीच्या जवळपास कुणाकडं असेल तर मी ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन स्वतः येतो, डिस्क तुमच्या हातातून बाहेर जाणार नाही.