आधी कागद, मग बॉनेट: जुनी सेडान घेतानाचा माझा अनुभव

जुनी गाडी बघायला निघताना लोक ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. तो बॉनेट उघडतो, इंजिनाला कान लावतो आणि 'गाडी ठीक आहे' म्हणतो. तोवर मन गाडीत जाऊन बसलेलं असतं, मग कागदात काही अडलं तरी आपणच आपली समजूत घालतो. म्हणून मी उलटा क्रम लावला. गाडी बघायला जाण्याआधी प्रत्येक विकणाऱ्याकडून फक्त तीन गोष्टी मागवल्या: आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) दोन्ही बाजूंचा फोटो, चालू विमा पॉलिसीची पूर्ण पीडीएफ आणि सर्व्हिस हिस्टरी. टाळाटाळ झाली की ती गाडी यादीतून बाद. दहा-अकरा जाहिरातींपैकी चारच उरल्या आणि कितीतरी रविवार वाचले.

बजेट सहा-सात लाखांचं होतं. एवढ्यात नवी छोटी हॅचबॅक येते किंवा सात-आठ वर्षांची मध्यम सेडान. सध्या सगळी गर्दी उंच गाड्यांकडे असल्याने सेडानचे भाव पडलेले आहेत, आणि घेणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाच्या नव्या गाडीवरचा कर उपकरासह ४५ टक्के होता तो ४० वर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. जुने भाव धरून बसलेल्या विक्रेत्याला हे शांतपणे सांगायचं.

पर्याय नेहमीचेच: होंडा सिटी, मारुती सिआझ, ह्युंदाई वेर्ना, स्कोडा रॅपिड, फोक्सवॅगन व्हेंटो. चालवायला शेवटच्या दोन मला सगळ्यात आवडतात. पण त्यांच्या काही ऑटोमॅटिकमधला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. सिआझ घ्यायची तर ऑगस्ट २०१८ नंतरची, १४६२ सीसीच्या इंजिनाची बरी. मी २०१७ ची सिटी पेट्रोल मॅन्युअल ठरवली: १४९७ सीसी, ११९ पीएस, टायमिंग बेल्टऐवजी चेन, आणि सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात.

नंबर मिळाला की परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडी उघडायची. कितवा मालक, नोंदणीची तारीख, पासिंग कधीपर्यंत, विमा, पीयूसी, बोजा (बँकेच्या कर्जाची नोंद) आहे का आणि काळ्या यादीची नोंद हे सगळं तिथे दिसतं. उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना यांत सात-आठ महिन्यांचं अंतर असेल तर गाडी यार्डात पडून होती. भाव करताना वर्ष उत्पादनाचं धरायचं. इंधनाचा रकानाही वाचावा. डिकीत सीएनजीचं किट आहे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल लिहिलंय, असं सर्रास दिसतं. किट काढून विकायला आणलेल्या गाडीच्या डिकीच्या तळाला बोल्टची बुजवलेली भोकं सापडतात.

दंडाची चलनं दोन ठिकाणी तपासली: महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर आणि परिवहनच्या ई-चलन साइटवर. एकीकडचं दुसरीकडे दिसेलच असं नाही.

विमा पॉलिसीत खरी गंमत असते. 'एकही क्लेम नाही, एक ओरखडा नाही' असं प्रत्येकच मालक म्हणतो. पण क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, म्हणजे एनसीबी, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्के होते. एक क्लेम घेतला की शून्य. मग २०१७ च्या गाडीच्या पॉलिसीवर २५ टक्के दिसले, तर दोनेक वर्षांपूर्वी एक तर क्लेम झालाय, नाहीतर विमा ९० दिवसांहून जास्त खंडित होता. क्लेम झाला म्हणून गाडी वाईट ठरत नाही, बंपर बदलायलाही लोक क्लेम घेतात. मात्र मालकाला कारण विचारायचं आणि उत्तर गाडीवर पडताळून बघायचं.

सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या वर्कशॉपमधून मालकालाच काढायला सांगावी. त्यात दर भेटीचे किलोमीटर असतात. चारपैकी एका गाडीच्या मीटरवर ५४,००० होते आणि चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत ६१,०००. तिथे पुढे काही बोलण्यासारखं उरतच नाही. अडचण वेगळीच आहे: वॉरंटी संपल्यावर बरेच जण बाहेरच्या गॅरेजला जातात आणि नोंदी थांबतात. मग स्टिअरिंगचं घासलेलं कातडं, क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड यांच्याकडे बघायचं. ४०,००० किलोमीटरला पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

इतकं झाल्यावरच प्रत्यक्ष गाडी. सकाळी जायचं आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं की गाडी चालू करू नका. मी पोचताच बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत. सामान थोडंच: टॉर्च, पेंटची जाडी मोजायचं गेज, मल्टिमीटर, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर.

कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरते. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा रंग मारलाय, ५०० च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी आहे. दरवाजावर किंवा फेंडरवर २५० दिसले तर मी फारसं मनावर घेत नाही, पुण्याच्या पार्किंगमध्ये ते व्हायचंच. छत आणि खांबांवर मात्र असा आकडा चालत नाही. छताला रंग लागतो तो गाडी उलटल्यावर, किंवा झाड पडल्यावर. मग बॉनेटच्या बिजागऱ्यांचे, फेंडरचे आणि दरवाजांचे बोल्ट बघायचे. डोक्यावरचा रंग फुटला असेल तर ते उघडले गेलेत. पुढच्या अॅप्रनवरचे (बॉनेटखालच्या आतल्या पत्र्यावरचे) कारखान्याचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर तिथे काहीतरी घडलं आहे. पुढच्या काचेवर खडा बसतोच, पण मागच्या दरवाजाची काच उगाच बदलत नाही.

पुराच्या पाण्यातल्या गाड्यांची भीती खरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या प्रसंगानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. वास घालवता येतो, चिखल पूर्ण जात नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचे, पट्ट्यावर आडवी मातकट रेघ राहते. सीटच्या रुळांचा गंज, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेटखालचा फोम आणि डॅशबोर्डच्या आतल्या फ्यूज बॉक्समधली बारीक माती हेही टॉर्चने बघावं. एक जागा संशयास्पद निघाली तर योगायोग म्हणता येईल. दोन निघाल्या की घरी परत.

टायरच्या कडेवर चार आकड्यांत तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतं. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने देखभालीत पैसे वाचवले आहेत हे समजून घ्यावं.

इग्निशन चालू केल्यावर डॅशवरचे सगळे दिवे आधी लागायला हवेत आणि मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर दोष आहे. तो मुळात लागतच नसेल तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी तो मुद्दाम गप्प केलाय. थंड इंजिन चालू करून मागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत काही क्षण येते, पण ती थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जातंय. सिटीच्या इंजिनात टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचं, सेटिंग हाताने करावं लागतं. थोडी टकटक सेटिंगने जाते, तिला घाबरू नये. मल्टिमीटरवर बंद गाडीची बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १३.८ ते १४.५ हवी.

स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड शून्य दिसले म्हणून खूश व्हायचं नाही. विकण्याआधी कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. पण कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हेही स्कॅनर दाखवतो, आणि पुसल्यावर ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) स्वयंतपासण्या काही काळ अपूर्ण राहतात. 'कोड नाहीत, पुसल्यापासून १२ किलोमीटर' असं दिसलं तर बॅटरी नुकतीच काढली होती का ते विचारावं.

फेरी किमान अर्ध्या तासाची हवी आणि रस्ता आपण निवडायचा: खड्डे, चढ, थोडा हायवे. रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएम झटकन चढले आणि वेग तसा वाढला नाही तर क्लच सुटतोय. स्पीडब्रेकरवरचा टकटक आवाज बहुधा सस्पेन्शनच्या लिंक रॉडचा, तो स्वस्तातला. स्टिअरिंगमध्ये हाताला जाणवणारा खडखडाट स्टिअरिंग रॅकचा असेल तर महाग. सिटी बुटकी आहे, रिकामी असताना जमिनीपासून जेमतेम १६५ मिलिमीटर. म्हणून फेरीनंतर गाडी रॅम्पवर चढवून सायलेन्सर आणि खालचा पत्रा बघितलाच पाहिजे. एसी दहा मिनिटं पूर्ण लावून मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर धरला. ८-१० अंश उत्तम, १५ च्या वर असेल तर गॅस का कमी झाला हे विचारायचं. इव्हॅपोरेटर (एसीचा हवा थंड करणारा भाग) गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

घेतली ती गाडी ५८,००० किलोमीटर चाललेली, पहिल्या मालकाची, एमएच १२ पासिंग. चार टायर, बॅटरी, लोअर आर्मचे बुश आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग, असा साधारण ४५,००० चा खर्च कागदावर मांडून मालकासमोर ठेवला. ३५,००० उतरले. 'थोडं कमी करा' यापेक्षा अशी यादी जास्त काम करते.

पैसे टप्प्याटप्प्याने. टोकन दहा हजार, त्याची पावती. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं होतं, पण बोजा उतरवायचा राहून गेला होता. तो उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसी जुनी झाली तर बँकेकडून पुन्हा काढावी लागते, इथेच दोन-तीन आठवडे जातात. पोर्टलवर बोजाचा रकाना कोरा दिसल्यावरच मोठी रक्कम दिली, तीही बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचं ओळखपत्र, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज वाहन पोर्टलवर भरता येतो, पण ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. विकणाऱ्याने तो नंबर कधीच सोडलेला असेल तर आधी मोबाइल बदलण्याचा अर्ज करावा लागतो. हे टोकन देतानाच विचारून घ्यावं. दुसरा अडथळा नंबरप्लेटचा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर महाराष्ट्रात नावबदल आणि बोजाची कामं अडतात. चारचाकीला ती ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती आधीच्या मालकाकडूनच बसवून घेतली.

डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर तास-मिनिटंही लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या. त्यानंतरचं चलन माझं, आधीचं त्यांचं. विकणाऱ्यालाही याची गरज असते. अपघाताच्या भरपाईत नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे नाव बदलून घ्यायची घाई विकणाऱ्याने जास्त करायला हवी, पण होतं नेमकं उलट.

विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आपोआप पुढे चालतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. म्हणून कंपनी आधीच्या मालकाला मिळालेल्या सवलतीतला उरलेल्या मुदतीचा फरक घेणाऱ्याकडून वसूल करते. भाव ठरवताना ही रक्कम कुणाच्याच डोक्यात नसते. जुना फास्टॅग मालकाने बंद केल्याशिवाय त्या गाडीला नवा मिळत नाही. दुसरी किल्लीही मोजून घ्यावी. इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या चिपची) किल्ली नव्याने करणं हजारोंचं काम आहे.

आरसीचं कार्ड पोस्टाने आलं की लगेच नावाचं स्पेलिंग, चेसिस आणि इंजिन नंबर, आणि बोजाचा रकाना अक्षर न् अक्षर ताडून घ्यायचा. विमा पॉलिसीवर हेच नंबर पुन्हा छापलेले असतात, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून.