टायमिंगचा डबा वॉरंटीत बदलून घेताना

वॉरंटीच्या ऑनलाइन फॉर्मवर 'फॉल्ट कोड' (बिघाडाचा क्रमांक) हा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. आमच्या रेडिओंना अचूक वेळ पुरवणाऱ्या डब्याला कोड दाखवायला स्क्रीनच नाही, एक हिरवा दिवा तेवढा आहे. या एका रकान्यापायी आमचा अख्खा मोसम वाया चालला होता. किनाऱ्यावर वायरलेसचं काम करणाऱ्या कुणालाही उद्या सर्व्हिस सेंटरकडून हेच उत्तर मिळू शकतं, "मॅडम, ते समुद्रामुळे होतंय," म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या कॉलेजने रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या दोन्ही काठांना, समोरासमोरच्या गच्च्यांवर, एकेक रेडिओ बसवला. पाण्यावरून जाणारा चॅनेल, म्हणजे दोन रेडिओंमधली सिग्नलची वाट, कसा बदलतो ते आम्हाला मोजायचं होतं. जागा, खांब, खरेदीची मंजुरी, सगळं वेळेत झालं. ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून ठरलेल्या पॉवरच्या आत विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे तिथेही अडलं नाही. पलीकडच्या गच्चीवाले काका आम्हाला जेवल्याशिवाय सोडत नसत.

प्रत्येक रेडिओजवळ जीपीएसवर चालणारा टायमिंगचा डबा असतो. आतला ऑसिलेटर, म्हणजे वेळेचा ठेका देणारा भाग, तापवून स्थिर ठेवलेला असतो आणि उपग्रहांच्या वेळेशी ताडून डबा त्याला सतत सावरत राहतो. त्यातून १० मेगाहर्ट्झचा सिग्नल आणि दर सेकंदाला एक पल्स मिळते. एक रेडिओ पायलट, म्हणजे आधीच ठरलेले सिग्नल, पाठवतो, दुसरा त्यांवरून चॅनेलचा अंदाज काढतो आणि तो फीडबॅक म्हणून परत पाठवतो. डब्याची वेळ सरकली तर या अंदाजात सबकॅरियरगणिक (सिग्नलमधल्या प्रत्येक छोट्या फ्रिक्वेन्सीगणिक) फेज, म्हणजे लहरीची स्थिती, कलत जाते, आणि पाहणाऱ्याला वाटतं चॅनेलच बदलला.

आमच्याकडे दुपारी गच्ची तापली की नेमकं हेच व्हायचं. वेळ शेकडो नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) सरकायची आणि रात्री जागेवर यायची.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं एकच: दिवा हिरवा आहे ना, मग जीपीएस लॉक आहे, डबा ठीक आहे. तक्रारीचं तिकीट बंद. नवं तिकीट टाकावं तर नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं, आणि शेवटी तेच: खाडीचं पाणी चढतं-उतरतं, परावर्तनामुळे तुमचा चॅनेल हलतो. ऐकायला हे पटतंही. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा, कारण आलेख न उघडताच ते बोललं जात होतं.

पाणी चॅनेल हलवतं, यात शंका नाही. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ५ सेंटिमीटर, त्यामुळे भरती चढताना सिग्नल अनेकदा वरखाली होतो. पण पाणी दोन-तीन मीटर चढल्याने परावर्तित वाटेची लांबी बदलते ती हातभर, आणि तेवढं अंतर कापायला लहरीला एक-दोन नॅनोसेकंद पुरतात. त्यातून शेकडो नॅनोसेकंद येणार कुठून?

दुसरं, आपल्याकडे कुठलाही मच्छीमार सांगेल की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते. आमचा बिघाड मात्र चतुर्थीलाही दुपारचा आणि अष्टमीलाही दुपारचाच. तो भरती-सुकतीच्या नव्हे, उन्हाच्या वेळापत्रकाने चालत होता.

तिसरा पुरावा मला सगळ्यांत पक्का वाटतो. सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला, हे दोन्ही टोकांना मोजा. खाडीने उशीर केला तर तो जाताना-येताना सारखाच होणार. घड्याळ सरकलं तर एका बाजूला उशीर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच घाई. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज खाडीची आणि वजाबाकी घड्याळांची. आमची बेरीज जागची हलत नव्हती, वजाबाकी धावत होती. हा आलेख मी प्रत्येक तिकिटाला जोडला. खाली छापून येणारं उत्तर तेच: कृपया फॉल्ट कोड नमूद करा.

तक्रार करण्याआधी दोन्ही डबे आपसांत बदलून बघा, हेही सांगायला हवं. आम्ही बदलले तेव्हा बिघाड डब्याबरोबर पलीकडच्या काठाला गेला. केबल आणि अँटेना जिथल्या तिथेच ठेवा, नाहीतर ते केबलवर बोट ठेवतील. खाऱ्या वाऱ्याने इथे कनेक्टर हिरवे पडतात हे त्यांनाही माहीत असतं. जोडावर रबरी टेप आधीच घट्ट गुंडाळा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

सुटका झाली ती कारखान्यातल्या एका इंजिनिअरमुळे. बऱ्याच विनवण्यांनंतर फोन त्यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी आलेख खरोखर उघडला आणि विचारलं, "सिरियल पोर्टवर लॅपटॉप लावलात का? तिथे ऑसिलेटरला सावरणारं व्होल्टेज छापून येतं." सोबत आलेल्या पुस्तिकेत या पोर्टचा उल्लेखही नव्हता. लावून पाहिलं तर दुपारी ते व्होल्टेज वरच्या टोकाला जाऊन अडकलेलं. म्हणजे सावरायला वावच उरत नव्हता, आणि दिवा फक्त उपग्रह दिसतात एवढंच सांगत होता. त्याच ओळीत शेवटी स्टेटसचा आकडा होता. तोच फॉल्ट कोड. तो रकान्यात टाकला आणि बदलीची मंजुरी त्याच आठवड्यात आली. माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता, हे त्या मंजुरीत कुणी लिहिलं नाही, पण मला त्याचा अभिमान आहे.

पार्सल देताना डब्याच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. नवा डबा आला की खांबावर चढवण्याआधी तो उन्हात एक पूर्ण दुपार चालवून व्होल्टेज बघा, मगच पावतीवर सही करा.