माहुलीवर टेंट लावायला शिकलो
ठाण्याहून कसारा लोकलने आसनगाव, तिथून माहुली गड, यावेळी खास जंगलात रात्र काढायला शिकायचं होतं. लीडर दादाने टेंट उघडण्याआधी सगळ्यांना वर बघायला लावलं, डोक्यावर सुकलेली फांदी नको, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर अजिबात नाही, वर कुठे पाऊस पडला की पाणी तिथूनच येतं. टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट उकळायचं. आणि शौचाला पाण्यापासून ६० मीटर लांब, १५-२० सेंटीमीटर खड्डा, वर माती. हे कोणी बोलतच नाही, आणि गडावरची जुनी टाकी घाण होतात त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. टिश्यू मात्र खड्ड्यात गाडायचे नाहीत, पिशवीत भरून खाली आणायचे.