उद्यमबागेतला ‘बसवण्णा’

आमचं घराणं लेथवालं. वडिलांनी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकले. फाउंड्रीतून कास्टिंगं, म्हणजे बिडाचे ओतीव भाग, आणायची, टर्निंग करून परत द्यायची. मी व्हीटीयूची, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची, इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन त्याच शेडमध्ये आलो, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “आता तरी पॅनल दुरुस्तीला बाहेरचा माणूस नको.”

एका ग्राहकाला कास्टिंगं आपोआप नेणारी ट्रॉली हवी होती. पहिली आम्ही जमिनीवरच्या चुंबकी पट्टीवर चालवली. आता बिडाचा चुरा चुंबकाला चिकटणारच, हे लेथवाल्याच्या पोराला आधी सुचायला हवं होतं! आठवड्यात पट्टी दिसेनाशी झाली.

मग खांबांवर वायरलेस सेन्सर लावले, झिगबी नावाच्या कमी ताकदीच्या रेडिओवर चालणारे, २.४ गीगाहर्ट्झचे. सिग्नल जितका क्षीण तितका खांब लांब. तीन खांबांवरून ट्रॉलीची जागा काढायची. कागदावर झकास. पण शेडमध्ये जिकडेतिकडे लोखंड. लहरी मशिनांवर आपटून चार वाटांनी येतात आणि एकमेकींत मिसळतात. लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे ट्रॉली वीतभर सरकली तरी आकडा पार बदलायचा. ग्राहकासमोर चाचणी चालू असताना डोक्यावरून क्रेन गेली आणि आमची ट्रॉली वळून थेट कूलंटच्या पिंपावर. त्या महिन्याचा पगार मी उसने काढून दिला.

शेवटी ‘किती लांब?’ हे विचारणंच सोडलं. जिथे माल न्यायचा तो खांब शून्य. त्याचे शेजारी एक, त्यांचे शेजारी दोन. ट्रॉलीने फक्त कमी आकड्याच्या खांबाकडे जायचं. त्या खांबावरचा इन्फ्रारेड दिवा लुकलुकतो, ट्रॉली त्याच्याकडे तोंड करते, मधलं अंतर चाकं मोजतात. एखादा खांब बंद पडला की बाकीचे आपापले आकडे नव्याने ठरवतात. ही युक्ती आमची नव्हे, संशोधकांनी ती आधीच मांडली होती. आमची भर एवढीच, की कोण कोणाचा शेजारी हे आम्ही हाताने भरलं. रेडिओवर सोडलं तर तो भिंतीपलीकडच्यालाही शेजारी समजतो.

मशीनच्या तोंडाशी मात्र असं अदमासाने चालत नाही. तिथे आता अल्ट्रा-वाइडबँड बसवलंय. ते सिग्नलची ताकद बघत नाही, पोचायला लागलेला वेळ मोजतं. महाग आहे, म्हणून तेवढ्याच जागी.

ट्रॉलीला ‘बसवण्णा’, म्हणजे नंदीबैल, हे नाव हुक्केरीच्या कानडी ऑपरेटरने दिलं. एकदा तो ओरडला, “बसवण्णा बंद!” मी हातातला चहा टाकून धावलो. कन्नडमध्ये ‘बंद’ म्हणजे आला. बसवण्णा माल घेऊन शांतपणे येत होता.

आता कागलच्या एमआयडीसीतून विचारणा आहे. परवा शेड बघून आलो. खांब कमी, क्रेन दोन. कोटेशन अजून दिलेलं नाही.