टेलर, टोयोटा आणि आमची किर्लोस्करवाडी

मॅनेजमेंट म्हटलं की सगळे अमेरिकेपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा. अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागं उभा राहिला, बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्यात एका फावड्यात किती माल घेतला की दिवसभरात जास्त काम होतं ते मोजलं, तर आकडा निघाला २१ पौंड, म्हणजे साधारण साडेनऊ किलो. पण विचार करायचा साहेबानं आणि राबायचं कामगारानं, म्हणजे डोकं साहेबाचं आणि हात कामगाराचा, ही टेलरची वाटणी मला तेव्हापण पटली नसती, आजपण पटत नाही.

टेलरचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे पुस्तक आलं १९११ ला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९१० ला, आपल्या सांगली जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, औंधच्या राजांनी जमीन दिली आणि लोखंडी नांगराच्या कारखान्यासोबत कामगारांची घरं पण उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीला ठेवलं! मला हे फार मोठं वाटतं.

पुढं १९२४ पासून शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात कामगारांवर प्रयोग झाले, त्यावरून कामगाराकडं लक्ष दिलं की कामात फरक पडतो हा विचार रुजला. मग टोयोटा, तिथं तर साधा कामगारसुद्धा चूक दिसली की दोरी ओढून लाईन थांबवू शकतो.

सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या पोरांनी निदान हे टोयोटाचं तरी वाचावंच, त्याला एमबीए लागत नाही.