काकांच्या रिपोर्टमधले बाविसावे गुणसूत्र

दर तीन महिन्यांनी नौपाड्यातल्या लॅबमधून काकांच्या रक्ताचा रिपोर्ट आणण्याचे काम माझ्याकडे असते. त्यातली एकच ओळ आम्ही वाचतो : 'बीसीआर-एबीएल' ही काकांच्या आजाराची खूण, आणि तिच्यापुढचा टक्का. तो ०.१ किंवा त्याहून कमी असला, की काकू देवापुढे साखर ठेवतात. काकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक संथ प्रकार, आहे आणि त्यावर ते रोज इमॅटिनिबची गोळी घेतात. केस गळण्याची भीती त्यांना नव्हती. ते काम वयाने आधीच उरकले होते.

हा आजार १८४५ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी आणि एडिंबरोत जॉन बेनेट यांनी स्वतंत्रपणे वर्णिला. रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आलेला पाहून फिर्खोंनी त्याला 'पांढरे रक्त' म्हटले आणि पुढे त्यासाठी ग्रीक शब्दांवरून 'ल्युकेमिया' हे नाव घडवले. नाव मिळाले, पण कारण सापडले नाही. १८६५ मध्ये एका रुग्णाला सोमलाचे द्रावण देऊन काही काळ उतार पडल्याची नोंद आहे; विषानेच विष मारण्याचा तो प्रयत्न होता.

कारणाचा पहिला धागा १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडला. पीटर नॉवेल यांनी पेशींच्या काचपट्ट्या नळाच्या साध्या पाण्याखाली धुतल्या आणि त्या पाण्याने फुगलेल्या पेशींतली गुणसूत्रे सुटी सुटी होऊन मोजता येऊ लागली. डेव्हिड हंगरफोर्ड यांच्यासह त्यांनी दाखवले, की या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आहे. त्याचा तुकडा कुठे गेला, हे कळायला १९७३ उजाडले. शिकागोच्या जॅनेट रौली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कापून मांडत असत. मला हे टेबल सर्वांत भावते. तिथे त्यांच्या लक्षात आले, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नसून नवव्यावर जाऊन बसला आहे.

नवव्यावरचे एबीएल जनुकही बाविसाव्यावरच्या बीसीआरला येऊन चिकटते, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. या जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीला 'विभाजित हो' असा आदेश सतत देत राहते. त्याच्या खाचेत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू बसतो, तेव्हाच त्याचे काम चालते. इमॅटिनिब नेमकी तीच जागा अडवते. अमेरिकी डॉक्टर ब्रायन ड्रकर यांच्या पहिल्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्तगणना पूर्ववत झाली, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. भारतात त्याच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, म्हणून इतर कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. एरवी निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमध्ये ही गोळी बसली असती का, याची मला शंकाच आहे.

या वेळी टक्का ०.०४ आला. जेवणानंतर भांडेभर पाण्याबरोबर गोळी घेत काकांनी विचारले, "अरे, बाविसाव्याचे सगळे लिहितात, पण नवव्याचे काय? त्याची चौकशी कोणी करत नाही." मी म्हणालो, "काका, रोग घडवणारे प्रथिन बाविसाव्यावरून तयार होते, म्हणून मोजतात तेच." त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. रिपोर्टच्या मागे त्यांनी पेन्सिलीने '९ ?' असे लिहून ठेवले आहे, डॉक्टरांना विचारायला.