सर्टिफिकेट होते, प्रायव्हेट की नव्हती

मी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्याकडे एका दूध संस्थेचे अ‍ॅप आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) त्यात नोंदवले जातात आणि त्यावरून उत्पादकाचे बिल निघते. केंद्रचालकांकडे अँड्रॉइड फोन आहेत, तर संस्थेचे अधिकारी आणि काही सुपरवायझर आयफोन वापरतात. सुरुवातीपासून हे अ‍ॅप सांभाळणारा सहकारी नोकरी सोडून गेला, कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्याचा मॅक फॉरमॅट होऊन दुसऱ्याला मिळाला आणि काम माझ्याकडे आले. कोड जागेवर होता, टिपणेही नीट लिहिलेली होती. नव्या दरपत्रकाची बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची तयार आवृत्ती, चाचणीसाठी देण्याची वेळ आली, तेव्हा कुठे काय राहून गेले होते ते कळले.

अ‍ॅपलच्या डेव्हलपर खात्यात डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट, म्हणजे अ‍ॅप बाहेर देताना त्यावर सही करायचे प्रमाणपत्र, दिसत होते आणि त्याची मुदत संपायला अजून पाच महिने होते. मी ते डाउनलोड केले, डबल क्लिक करून माझ्या मॅकवरच्या किल्ल्या व सर्टिफिकेटे जपणाऱ्या कीचेन अ‍ॅक्सेसमध्ये घातले आणि अ‍ॅपलच्या एक्सकोड या साधनात बिल्ड लावली, पण साइनिंगच्या, म्हणजे सही करण्याच्या, पायरीवर ती थांबली. तासभर प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (अ‍ॅप आणि सर्टिफिकेट यांची सांगड घालणारी फाइल) उलटसुलट तपासल्यावर मी पुन्हा कीचेन उघडले आणि माझ्या स्वतःच्या डेव्हलपमेंट सर्टिफिकेटाशी त्याची तुलना केली. माझ्या सर्टिफिकेटाच्या डाव्या बाजूला एक छोटा त्रिकोण होता आणि त्यावर क्लिक केले की खाली किल्लीचे चित्र असलेली प्रायव्हेट कीची, म्हणजे सही करायच्या गुप्त किल्लीची, ओळ उघडत होती. नव्याने घातलेल्या सर्टिफिकेटाला तो त्रिकोणच नव्हता.

सर्टिफिकेट मागण्यासाठी आपण मॅकवर विनंतीची फाइल तयार करतो, तेव्हा किल्ल्यांची जोडी त्याच मॅकवर जन्माला येते. त्यातली पब्लिक की विनंतीबरोबर अ‍ॅपलकडे जाते आणि अ‍ॅपल तिच्यावर सही करून सर्टिफिकेट परत देते, पण प्रायव्हेट की मॅकबाहेर कधी जातच नाही. त्यामुळे ती अ‍ॅपलच्या खात्यातून परत मिळण्याचा मार्ग नाही. सहकाऱ्याने ती सर्टिफिकेटासह पी-ट्वेल्व्ह फाइलमध्ये काढून ठेवली असती तर काम पाच मिनिटांत झाले असते. मी त्याला फोन केला आणि त्याने मनापासून आठवून पाहिले, पण ती फाइल त्याने कधी काढलीच नव्हती.

नवे सर्टिफिकेट काढणे एवढाच मार्ग उरला आणि जुने रद्द करायचे मी ठरवले. रद्द केल्यावर अ‍ॅप स्टोअरवरून घेतलेले अ‍ॅप लोकांच्या फोनवर बंद पडेल की काय, ही भीती मला वाटली, कारण महिनाअखेरची बिले तोंडावर होती. अ‍ॅपलचे दस्तऐवज वाचल्यावर ती दूर झाली. खात्याचे सभासदत्व चालू असेल तर स्टोअरवरच्या अ‍ॅपवर काही परिणाम होत नाही. फक्त रद्द झालेल्या सर्टिफिकेटाने सही केलेली नवी बिल्ड पुढे पाठवता येत नाही आणि त्यावर बेतलेले प्रोव्हिजनिंग प्रोफाइल अवैध ठरून पुन्हा तयार करावे लागतात.

डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट काढण्यासाठी मात्र खात्यावर अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, आणि खाते संस्थेचे होते. माझा सहकारी आजवर संस्थेच्या सचिवांच्याच आयडीने आत जात असे आणि त्यांच्या फोनवर येणारा सहा आकडी कोड त्यांना विचारून घेत असे. मीही तसाच फोन केला. सचिव म्हणाले, “साहेब, बँकवाले रोज सांगतात की कोड कुणाला सांगू नका, आणि तुम्ही तोच मागताय.” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी त्यांच्या कार्यालयात गेलो. त्यांनी स्वतः लॉगिन केले आणि माझ्या स्वतंत्र आयडीला अ‍ॅडमिनची भूमिका दिली. या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी मी हीच मानतो, कारण त्यानंतर कोणाच्याही कोडवर आमचे काम अडले नाही आणि कोणी काय केले याची नोंदही त्या-त्या माणसाच्या नावावर राहू लागली.

नवे सर्टिफिकेट निघाल्यावर चाचणीची बिल्ड ठरावीक फोनांवर थेट देण्याच्या जुन्या अ‍ॅड हॉक पद्धतीचा विचार करावा लागला. त्या पद्धतीत प्रत्येक आयफोनचा यूडीआयडी, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आधी खात्यात नोंदवावा लागतो, सभासदत्वाच्या एका वर्षात १०० आयफोनच नोंदवता येतात आणि एखादा फोन काढून टाकला तरी त्याची जागा नूतनीकरण होईपर्यंत मोकळी होत नाही. शिवाय सुपरवायझरांकडून यूडीआयडी मिळवणे हे स्वतंत्रच काम होते; तिघांनी तर त्याऐवजी सिरीयल नंबर पाठवला. म्हणून आम्ही अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणी-सेवेकडे वळलो. तिथे यूडीआयडी लागत नाही आणि बाहेरचे १०,००० पर्यंत परीक्षक घेता येतात. मात्र त्यांच्यासाठीची पहिली बिल्ड अ‍ॅपलच्या तपासणीतून जाते आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बाद होते.

अँड्रॉइडकडे सहीची किल्ली असलेली कीस्टोअरची फाइल कंपनीच्या ड्राइव्हवर होती, पण टिपणातला पासवर्ड तिला लागत नव्हता. इथे परिस्थितीने आम्हाला तारले. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅपना बंडल स्वरूप आणि त्याबरोबर प्ले अ‍ॅप साइनिंग आवश्यक झाले, आणि आमचे अ‍ॅप त्यानंतरचे होते. म्हणजे वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचणाऱ्या अ‍ॅपवरची खरी सही गूगलकडच्या किल्लीने होते आणि आपल्याकडे असते ती फक्त बिल्ड प्लेवर चढवताना लागणारी अपलोड की, जी बदलून मागता येते. ज्या जुन्या अ‍ॅपनी ही सोय घेतलेली नाही, त्यांची किल्ली गेली तर नव्या पॅकेज नावाने वेगळे अ‍ॅप काढण्यावाचून गत्यंतर नसते. मी कीटूल या साधनाने दहा हजार दिवसांच्या, म्हणजे सत्तावीस वर्षांहून थोड्या अधिक वैधतेचे नवे कीस्टोअर तयार केले, त्याचे सर्टिफिकेट पीईएम स्वरूपात काढले आणि खातेमालकांकडून प्ले कन्सोलमध्ये विनंती दाखल करवली. दोन दिवसांनी नवी अपलोड की लागू झाली.

त्या दोन दिवसांत मात्र एक चूक माझ्या हातून झाली. चाचणी खोळंबू नये म्हणून मी नव्या किल्लीने सही केलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, थेट चार केंद्रचालकांना पाठवली. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपवरची सही वेगळी असल्यामुळे ती एपीके त्यावर बसेना, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने जुने अ‍ॅप काढून टाकले आणि त्याबरोबर रेंज नसल्यामुळे सर्व्हरवर न गेलेल्या एका सकाळच्या नोंदीही गेल्या. सुदैवाने केंद्रावर कागदी वही होती. तिच्यावरून आम्ही दोघांनी फोनवर एकेक नोंद पुन्हा भरली. नवी एपीके बसल्यावरही गूगल लॉगिन दहा क्रमांकाची त्रुटी दाखवत होते, कारण नव्या किल्लीचा एसएचए-वन ठसा (तिची ओळख पटवणारा संकेत) गूगलच्या फायरबेस या सेवेत नोंदवायचा राहिला होता. तेव्हापासून आम्ही चाचणीची बिल्ड प्लेच्या इंटर्नल टेस्टिंगमधूनच देतो, म्हणजे सही एकच राहते आणि कोणाला अ‍ॅप काढावे लागत नाही.

आयफोनवर सूचना पाठवण्यासाठी लागणारी पी-एट की आधीच फायरबेसमध्ये चढवलेली असल्यामुळे सूचना चालू राहिल्या. ती अ‍ॅपलकडून एकदाच डाउनलोड करता येते आणि मूळ फाइल आमच्याकडे नव्हती, म्हणून मी नवी काढून तीही जपून ठेवली. आता आयफोनची सर्टिफिकेटे आणि प्रोफाइल फास्टलेनच्या मॅच या साधनाने कूटबद्ध करून एका खासगी गिट रिपॉझिटरीत (कोडच्या ऑनलाइन साठ्यात) राहतात, कीस्टोअर आणि सर्व पासवर्ड कंपनीच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये असतात आणि संस्थेच्या तिजोरीत एक पेन ड्राइव्ह व वेगळ्या लखोट्यात त्याचा पासवर्ड ठेवलेला आहे. डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट आणि खात्याचे सभासदत्व दोन्ही वर्षाची असल्यामुळे त्यांच्या तारखा मी सचिवांच्या आणि माझ्या, अशा दोन्ही कॅलेंडरांत महिनाभर आधीच्या सूचनेसह टाकल्या आहेत.

गेल्या महिन्यात माझाही मॅक बदलला. तो फॉरमॅटला देण्याआधी मी नव्या सहकारी मुलीला रिपॉझिटरीचा पत्ता आणि व्हॉल्टमधला अधिकार दिला आणि काहीही न सांगता शेजारी बसून राहिलो. तिने मॅच चालवले, कीचेन उघडले, सर्टिफिकेटाच्या डाव्या बाजूचा त्रिकोण उघडून मला त्याखालची ओळ दाखवली आणि मगच मी जुना मॅक आयटी विभागाच्या हवाली केला.